‘टक्के उतरवून मिळतील’: अवतरणांविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

प्रबंध जमा करायचे दिवस आले की आमच्या गिरीजपासून वसई स्टेशनापर्यंतच्या डीटीपीवाल्यांकडे एक जादा काम येते. टायपिंग, स्पायरल, बाइंडिंग, आणि शिवाय ‘टक्के उतरवून मिळतील’. हे टक्के साम्याचे. तुमच्या मजकुराचा किती भाग आधीच कुठेतरी छापलेल्या किंवा इंटरनेटवर असलेल्या मजकुराशी जुळतो, ते सॉफ्टवेअर मोजते आणि दुकानदार तो आकडा दहाच्या आत आणून देतो. दुकानदाराला मी काही म्हणत नाही. गिऱ्हाईक मागेल ते तो विकणार. डोके फिरते ते गिऱ्हाइकाच्या समजुतीने. मराठी तपासून घ्यायला येणारी मुले ही समजूत पाढा म्हणावा तशी म्हणून दाखवतात.

गैरसमज: ‘अवतरणचिन्हांत घातले की टक्के वाढतात. त्यापेक्षा शब्द फिरवून लिहायचे. आणि दहा टक्के तर चालतातच.’

वस्तुस्थिती: यातले एकही वाक्य खरे नाही. एकेक घेऊ.

आधी नियम. त्याचे नाव सगळे घेतात, वाचलेला मात्र क्वचितच कुणी असतो. विद्यापीठ अनुदान आयोगाने जुलै २०१८ मध्ये शैक्षणिक सचोटी आणि वाङ्मयचौर्य यांविषयीचे विनियम काढले. त्यांत वाङ्मयचौर्याची व्याख्या सरळ आहे: दुसऱ्याचे काम किंवा कल्पना उचलायची आणि आपली म्हणून पुढे करायची. या व्याख्येत टक्क्यांचा उल्लेखसुद्धा नाही. टक्के येतात ते पुढे, शिक्षेच्या पायऱ्या ठरवताना. दहा टक्क्यांपर्यंत किरकोळ साम्य असेल तर शिक्षा नाही. दहाच्या वर चाळीसपर्यंत असेल तर ठरवून दिलेल्या मुदतीत, जास्तीत जास्त सहा महिन्यांत, प्रबंध सुधारून द्यायचा. चाळीसच्या वर साठपर्यंत असेल तर सुधारित प्रबंध द्यायलाच एक वर्ष बंदी. साठच्या वर गेले की नोंदणी रद्द.

आता ‘शिक्षा नाही’ याचा अर्थ ‘परवानगी आहे’ असा कुणी लावला? वजनकाट्याला थोडा फरक माफ असतो, म्हणून भाजीवाल्याने दर किलोमागे मोजून तेवढी भाजी कमी द्यायची का? पहिली पायरी ठेवली आहे ती किरकोळ साम्यासाठी. एकाच विषयावर लिहिणाऱ्या दोन माणसांची काही वाक्ये नकळत जुळतात, संस्थांची नावे जुळतात, व्याख्या जुळतात. दोनशे पानांच्या प्रबंधात दहा टक्के म्हणजे वीस पाने. वीस पाने दुसऱ्याची घेऊन खाली स्वतःचे नाव घालायची मुभा कुठलाही आयोग देणार नाही, आणि या आयोगानेही दिलेली नाही.

खरी गंमत पुढेच आहे. साम्य मोजताना काय वगळायचे याची यादी याच विनियमांत आहे, आणि यादीत सगळ्यांत वर काय आहे? श्रेय देऊन, आणि लागेल तिथे परवानगी घेऊन, उद्धृत केलेला मजकूर! त्यानंतर संदर्भसूची, अनुक्रमणिका, प्रस्तावना, ऋणनिर्देश, मग सामान्य संज्ञा, कायदे, प्रमाणित चिन्हे आणि समीकरणे. म्हणजे चिन्हांत घालून, नाव आणि पान देऊन घेतलेले वाक्य मोजणीत धरायचेच नाही. टक्के उतरवण्याचा राजमार्ग अवतरणचिन्हांचा, तोही फुकट. मुले तो सोडून पैसे मोजतात आणि आडवाटेने जातात.

‘पण माझ्या अहवालात अवतरणेही मोजली होती,’ असे कुणी म्हणेल. मोजली असतील. अवतरणे वगळण्याचा पर्याय या सॉफ्टवेअरमध्ये वेगळा निवडावा लागतो. चालवणाऱ्याने तो निवडला नाही, तर तुमचे रीतसर अवतरणही लाल रंगात येते. अशा वेळी मार्गदर्शकांना अहवाल उघडून दाखवा आणि वगळणी करून पुन्हा काढायला सांगा. आकड्याला घाबरून चिन्हे पुसणे म्हणजे प्रामाणिक वाक्याला स्वतःच्या हाताने चोरीचे करणे.

आता शब्द फिरवण्याकडे येऊ. हे नमुन्यापुरते मीच रचलेले वाक्य. ते वसईच्या बागायतीवरच्या एखाद्या पुस्तकात आहे असे धरा (बावखल म्हणजे वाडीतले गोड्या पाण्याचे तळे):

बावखलाचे पाणी आटले की वाडीतली केळ आधी बोलते, माणूस मागाहून.

टक्के उतरवल्यावर याचे असे काहीतरी होते: बावखलातील जल शुष्क झाल्यावर बागेतील कदली प्रथम व्यक्त होते, मनुष्य तदनंतर. सॉफ्टवेअर खूश. पण विचार त्याच लेखकाचा, वाक्याची बांधणीही त्याचीच आणि नाव मात्र नाही. ही चोरी तर आहेच, वर मराठीचे हालही आहेत. ‘कदली व्यक्त होते’ असे बोलणारा माणूस सबंध वसई तालुक्यात सापडायचा नाही.

या वाक्याचा उपयोग करायचे प्रामाणिक मार्ग दोन. पहिल्यात फक्त माहिती हवी असते: गोड्या पाण्याच्या टंचाईची पहिली चिन्हे केळीच्या बागांत दिसतात, असे लेखकाचे निरीक्षण आहे. पुढे कंसात लेखकाचे नाव, वर्ष, पान. हे आपल्या भाषेत मांडलेले सार आहे. त्याला अवतरणचिन्हे लागत नाहीत, पण श्रेय लागतेच. दुसऱ्यात त्याचे शब्दच हवे असतात: बागायतदाराला दुष्काळ कसा कळतो हे सांगताना लेखक म्हणतो, “वाडीतली केळ आधी बोलते”. पुढे पुन्हा नाव, वर्ष, पान. शब्दांतच गंमत असेल, शब्दांवरच वाद असेल किंवा शब्द हाच पुरावा असेल, तिथे अवतरण घ्यावे. नुसती माहिती हवी असेल तिथे सार लिहावे. या दोहोंच्या मधला, अर्धे शब्द त्याचे आणि अर्धे फिरवलेले असा तिसरा मार्ग नाही. टक्केवाले विकतात तो नेमका हा तिसरा.

याच समजुतीचे एक पिल्लू म्हणजे ‘चौदा शब्दांपर्यंत उचलले तर चालते’. चौदा हा आकडा विनियमांत आहे खरा, पण कुठे? गोषवारा, गृहीतक, निरीक्षणे, निष्कर्ष, शिफारशी हा संशोधनाचा गाभा. तो स्वतःच्या विचारांचा हवा, त्यात साम्य असता कामा नये, असे सांगून झाल्यावर एक सवलत दिली आहे: सर्वसामान्य माहितीचे किंवा योगायोगाने जुळलेले, सलग चौदापर्यंतचे शब्द धरू नयेत. ‘महाराष्ट्र राज्य पाठ्यपुस्तक निर्मिती व अभ्यासक्रम संशोधन मंडळ, पुणे’ हे नऊ शब्द कुणीही लिहिले तरी तसेच येणार. सवलत आहे ती अशा जुळणीसाठी. वरचे केळीचे वाक्य मोजून पाहा. दहा शब्द आहेत. चौदाच्या आत बसते, म्हणून ते तुमचे झाले का?

आणि दहाच्या आतला अहवाल हे सचोटीचे प्रमाणपत्रही नव्हे. विद्यापीठ ग्रंथालयांना जोडणाऱ्या गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राने २०१९ मध्ये ‘शोधशुद्धी’ योजना आणली आणि साम्य तपासायची सोय विद्यापीठांच्या हाताशी आली, हे चांगलेच झाले. पण सॉफ्टवेअर जुळवून पाहते ते त्याच्या साठ्यात असलेल्या मजकुराशी. य. न. केळकरांचे ‘वसईची मोहीम’ हे १९३७ चे पुस्तक त्या साठ्यात नसेल, तर त्याची पानेच्या पाने उतरवली तरी अहवाल शून्य दाखवील. मराठी ग्रंथांवर काम करणाऱ्यांना हे चांगले ठाऊक असते आणि काही जण त्याचा फायदाही घेतात. पण परीक्षकाने ते पुस्तक वाचलेले असते. पदवी मिळाली म्हणून सुटकाही होत नाही, कारण चौर्य नंतर सिद्ध झाले तर मिळालेली पदवी स्थगित ठेवण्याची तरतूद याच विनियमांत आहे. जर्मनीचे संरक्षणमंत्री कार्ल-थिओडोर त्सू गुटेनबर्ग यांच्या प्रबंधात परक्याचे उतारे चिन्हांशिवाय सापडले. प्रस्तावनेची सुरुवातच वृत्तपत्रातल्या लेखावरून घेतलेली निघाली. फेब्रुवारी २०११ मध्ये बायरॉइट विद्यापीठाने डॉक्टरेट काढून घेतली आणि १ मार्चला त्यांनी मंत्रिपद सोडले. ही पाने एकमेकांशेजारी ठेवून ताडून पाहणारी माणसेच होती.

गैरसमज: ‘प्रसिद्ध वाक्याला संदर्भ लागत नाही, ते सगळ्यांना माहीतच असते.’

वस्तुस्थिती: जितके प्रसिद्ध, तितका धोका मोठा. वसईच्या मोहिमेवरचा प्रकल्प म्हटला की चिमाजी अप्पांचे ते उद्गार येतातच: किल्ल्यात मला जाता येत नसेल तर निदान माझे डोके तोफेने आत फेका, अशा अर्थाचे. अवतरणचिन्हे ठसठशीत, शेवटी उद्गारचिन्ह, पण पान नाही. आता चार ठिकाणचे उतारे शेजारी ठेवा. कुठे डोके, कुठे मस्तक, कुठे धड. वाक्याची ठेवणही दर वेळी निराळी. अवतरणचिन्हांचा अर्थ ‘नेमके हेच शब्द’ असा असतो. शब्द जर सांगणाऱ्यागणिक बदलत असतील तर चिन्हे कुणाच्या शब्दांना लावली?

याचा अर्थ ही कथा गाळा असा नाही. ती आख्यायिका म्हणून सांगा, कुठल्या लेखकाकडून घेतली ते लिहा आणि चिन्हे लावू नका. मोहिमेतल्या माणसांचे खरे शब्द हवे असतील तर तेही छापलेले आहेत. रियासतकार गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली पेशवे दप्तरातल्या निवडक कागदांचे ४५ खंड १९३० ते १९३४ या काळात निघाले. त्यांतला १६ वा खंड वसईच्या मोहिमेचा आहे. मे १७३९ मध्ये किल्ला पडेपर्यंत लिहिलेली मोर्चांची, दारूगोळ्याची, जखमींची पत्रे वाचा. त्यांतले एक नेमके वाक्य, पत्र क्रमांक देऊन घेतलेले, दहा तोफांच्या आख्यायिकांना भारी पडते.

टिळकांच्या स्वराज्याच्या घोषणेचेही असेच आहे. ती त्यांचे सहकारी काका बाप्तिस्ता यांनी सुचवली असे आपल्याकडे सांगतात. बाप्तिस्तांचे घराणे खाडीपलीकडच्या उत्तनचे, तेव्हा अभिमान वाटणारच. अभिमान बाळगा, पण प्रबंधात ‘असे अमुक लेखक म्हणतो’ इतके तरी लिहा.

गैरसमज: ‘जुन्या उताऱ्यातले शुद्धलेखन आपण सुधारून घ्यावे.’

वस्तुस्थिती: इथे मराठीला स्वतःचा नियम आहे आणि तो शिक्षकांनाही अनेकदा माहीत नसतो. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम १८. त्यांतले १४ १९६२ चे आणि ४ १९७२ चे. त्यांतला एक खास उताऱ्यांसाठी आहे. केशवसुतांच्या आधीचे पद्य आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या आधीचे गद्य मुळात असेल तसे छापायचे. त्या दोघांपासून पुढचे लेखन आजच्या नियमांप्रमाणे छापायचे. म्हणून पेशवे दप्तरातल्या पत्राचा उतारा घेताना एकही वेलांटी हलवू नका. विसाव्या शतकातल्या लेखकाचे ‘करूं’ आज ‘करू’ असे छापले तर चालते, मात्र तसे केल्याचे एकदा सुरुवातीला नोंदवा. बदलतो तो अनुस्वार. शब्द कधीच बदलत नाही.

आणखी एक गोष्ट लक्षात असू द्या. ही पत्रे मुळात मोडीत आहेत. मोडीत शब्द सलग लिहिले जात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळला जात नसे आणि विरामचिन्हे नसत. छापील खंडात दिसणारा स्वल्पविराम संपादकाचा आहे, चिमाजी अप्पांचा नव्हे. त्या स्वल्पविरामावर निष्कर्षाचा इमला उभा करू नका. तसेच ‘क्रिस्तपुराण’ या जुन्या मराठी ओवीबद्ध ग्रंथाचे. १६१६ मध्ये गोव्यात ते छापले गेले ते रोमन लिपीत. आज देवनागरीत त्याची ओवी उतरवून घेताना कोणती आवृत्ती वापरली ते सांगितले नाही, तर वाचणाऱ्याला ती ताडून पाहता येत नाही.

गैरसमज: ‘मुलाखतीतले बोलणे शुद्ध मराठीत करूनच चिन्हांत घालायचे.’

वस्तुस्थिती: गिरीज, भुईगाव, नंदाखाल या पट्ट्यात फिरून कुणी शेतीवर किंवा लग्नविधींवर काम करीत असेल, तर समोरची आजी सामवेदीत, म्हणजे कादोडीत, बोलेल. तिचे बोलणे प्रमाण मराठीत आणून चिन्हांत घातले, तर चिन्हांतले शब्द आजीचे राहत नाहीत, तुमचे होतात. ती बोलली तसेच लिहा, खाली प्रमाण मराठीत अर्थ द्या आणि हा अर्थ तुम्ही लावलेला आहे असे सांगा. बोली नीट उतरवता येत नसेल तर चिन्हे न लावता सार द्या. कुठल्या गावची, किती वयाची, मुलाखत कधी झाली हे नोंदवा. नाव छापायचे की नाही हे मात्र तिलाच विचारा.

उरलेले गैरसमज थोडक्यात.

‘अवतरणे जितकी जास्त तितका अभ्यास जास्त.’ उलट. प्रत्येक अवतरणाच्या आधी ते कशासाठी आणि नंतर त्यावरून काय, हे तुम्हाला लिहिता येत नसेल तर ते तिथे नकोच.

‘लांब उताऱ्यालाही अवतरणचिन्हे हवीत.’ नकोत. एपीए पद्धतीत ४० किंवा त्याहून अधिक शब्दांचा, एमएलए पद्धतीत गद्याच्या चार ओळींहून मोठा उतारा वेगळ्या परिच्छेदात समास सोडून द्यायचा. तो समासच चिन्हांचे काम करतो. पद्धत कोणतीही निवडा, पण पहिल्या प्रकरणात एक आणि तिसऱ्यात दुसरी असे करू नका.

‘मधले शब्द गाळता येत नाहीत.’ येतात, गाळल्या जागी तीन टिंबे द्यायची. पण टिंबांच्या आड लेखकाचा ‘नाही’ किंवा ‘परंतु’ लपवला तर ते खोटी साक्ष देणे आहे. तुम्ही घातलेला शब्द चौकोनी कंसात जातो.

‘मुळात चूक असेल तर गुपचूप दुरुस्त करावी.’ करू नये. तशीच ठेवून पुढे चौकोनी कंसात ‘मुळाप्रमाणे’ लिहावे.

‘दुसऱ्याच्या पुस्तकात वाचलेले अवतरण मूळ ग्रंथाच्या नावावर देता येते.’ मूळ ग्रंथ हातात घेतला नसेल तर ‘अमुक यांच्या ग्रंथात उद्धृत’ असे लिहा. मधल्या माणसाची चूक मग निदान तुमच्या नावावर जमा होत नाही.

‘अनुवाद केला की ते आपले वाक्य.’ गर्सन द कुन्हा यांचे चौल आणि वसईवरचे १८७६ चे पुस्तक इंग्रजीत आहे. त्यातला उतारा मराठीत दिला तर श्रेय त्यांचे, आणि ‘अनुवाद माझा’ हे दोन शब्द तुमचे.

‘प्रताधिकार कायद्याने अमुक इतके शब्द घेता येतात.’ १९५७ च्या कायद्याच्या कलम ५२ मध्ये संशोधन, टीका आणि परीक्षण यांसाठी रास्त वापराला मोकळीक आहे. शब्दांचा आकडा तिथे नाही.

‘लेखकाला जाऊन साठ वर्षे झाली की नाव द्यायची गरज नाही.’ साठ वर्षांनी संपतो तो प्रताधिकार. परक्याचे वाक्य आपले म्हणून सांगण्याचा हक्क कितीही वर्षांनी मिळत नाही.

‘बी.ए.च्या प्रकल्पाला हे सगळे लागू नाही.’ २०१८ च्या विनियमांतून असाइनमेंट, प्रकल्प अहवाल आणि उत्तरपत्रिका खरोखरच वगळलेल्या आहेत. म्हणजे त्या शिक्षेचे तक्ते लागू नाहीत. कुणाचे शब्द कुणाचे, हे सांगण्याची जबाबदारी शाळेच्या निबंधापासूनच लागू आहे.

‘एआयने पानासकट अवतरण दिले आहे, म्हणजे खरेच असणार.’ ही यंत्रे न लिहिलेली वाक्ये न छापलेल्या पानांसकट बिनदिक्कत देतात. पुस्तक उघडून त्या पानावर ते वाक्य स्वतः वाचले नसेल, तर ते अवतरण नव्हे, अफवा आहे.

आता काम सांगतो. टिपणे काढतानाच लेखकाचे शब्द आणि आपले शब्द वेगळ्या रंगांत लिहा आणि पान क्रमांक त्याच क्षणी टाका. सहा महिन्यांनी कोणते वाक्य कुणाचे हे कुणालाच आठवत नाही. प्रबंध जमा करण्यापूर्वी एक अख्खा दिवस फक्त अवतरणांसाठी ठेवा. एकेक अवतरण मूळ पुस्तकाच्या पानाशी अक्षर अक्षर ताडून पाहा. शेजारी एखादा मित्र पुस्तक घेऊन बसला आणि मोठ्याने वाचत गेला तर काम निम्म्या वेळात होते. जुळले त्यावर खूण करा. जुळले नाही ते दुरुस्त करा. आणि जे सापडतच नाही ते वाक्य कितीही देखणे असले, मार्गदर्शकांच्या कितीही आवडीचे असले, तरी काढून टाका.